मालक एक, चालवणारा दुसरा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी छोटी गाडी थांबली. ती पुन्हा सुटलीच नाही. तिला गावात कुणी पाचोरा-जामनेर रेल्वे म्हणत नसे, ‘पीजे’ म्हणत. दोन इंग्रजी अक्षरं, पण म्हाताऱ्यांच्या तोंडीही ती अशी रुळलेली की एखाद्या भाचीचं नाव असावं. पीजे आली का, पीजे सुटली का, पीजेनं जाशील की एसटीनं? अंतर छप्पन्न किलोमीटर. वाटेत वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली की संपलं. वेग असा की शेतात काम करणाऱ्याला डब्यातल्या ओळखीच्या माणसाशी दोन वाक्यं बोलून घेता यावीत. शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या दर्शनाला जाणारी मंडळी, पाचोऱ्याच्या बाजाराला निघालेल्या पाट्या, शाळा-कॉलेजची पोरं, सगळे तिच्यात.

पीजेबद्दल लिहिणारे बहुतेक या गोडव्यापाशीच थांबतात. मला तिच्याबद्दल एक कोरडा प्रश्न विचारायचा आहे. १९१९ साली पाचोऱ्याच्या स्टेशनावर उभं राहून कुणी विचारलं असतं, ‘ही गाडी कुणाची?’ तर उत्तर काय मिळालं असतं?

लाईन एका खासगी कंपनीची होती. पण गाडी चालवत होती जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. स्टेशनमास्तर, गार्ड, ड्रायव्हर, तिकिटं, वेळापत्रक, हिशेब, सगळं तिच्याकडे. बरं, मग जीआयपीची मोठी लाईन तरी जीआयपीची होती का? तीही नाही. हिंदुस्थान सरकारनं ती १९०० सालीच विकत घेतली होती आणि चालवण्यापुरती जुन्या कंपनीकडेच ठेवली होती. ही व्यवस्था १९२५ च्या जूनअखेरीपर्यंत टिकली. म्हणजे सरकारनं आपली रेल्वे चालवायला एका कंपनीला दिली होती आणि त्या कंपनीनं दुसऱ्या एका कंपनीची रेल्वे चालवायला घेतली होती. पाचोऱ्याच्या फलाटावर झेंडी दाखवणाऱ्या गार्डाला यातलं किती ठाऊक असेल कोण जाणे. त्याला पगार वेळेवर मिळत होता.

आउटसोर्सिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिंजवडीतल्या काचेच्या इमारती येतात. यंत्र स्वतः बाळगायचं नाही, ते राखायला माणसं ठेवायची नाहीत, ठरलेले पैसे द्यायचे आणि काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं, ही कल्पना जणू कॉम्प्युटरबरोबरच जन्माला आली. खान्देशात ती कापसाबरोबर आली. इथल्या काळ्या मातीत तिचे दीडशे वर्षांचे वळ आहेत.

सुरुवात घरातूनच झाली. जिन, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, येण्याआधी कापूस लोढायचं यंत्र कुणब्याच्या घरात असे. चरखी. दोन रूळ, एक लाकडाचा, एक लोखंडाचा बारीक. एका हातानं फिरवायचे आणि दुसऱ्या हातानं कापूस भरवायचा. रुई पलीकडे पडते, सरकी अलीकडे राहते. गावच्या सुतार-लोहारानं बनवलेली, बिघडली तर त्यांनीच नीट केलेली. दिवसभर राबून बाईच्या हातून काही शेर रुई निघायची. पण निघालेली सरकी आपल्याच शेतातल्या आपल्याच कापसाची असायची, आणि तीच पुढच्या मृगाला पेरायला ठेवली जायची. यंत्र, दुरुस्ती आणि बियाणं, तिन्ही एका छपराखाली होती.

१८६० च्या दशकाच्या सुरुवातीला जीआयपीची लाईन चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळकडे सरकली. १८६५ च्या जानेवारीत थळ घाट खुला झाला आणि खान्देश मुंबईच्या बंदराला सलग जोडला गेला. नेमक्या याच वर्षांत अमेरिकेत यादवी पेटलेली होती. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि मुंबईत कापसाचा भाव वेड्यासारखा चढला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. पण रूळ राहिले, आणि रुळांच्या कडेनं वाफेवर चालणारे जिन-प्रेस उभे राहू लागले.

जिनात जे यंत्र आलं ते अमेरिकेतल्या फोन्स मॅकार्थी नावाच्या माणसानं १८४० मध्ये पेटंट घेतलेलं, आणि ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांत घडलेलं. ते जवळून पाहायला हवं, कारण आजही खान्देशातला जिन त्याच तत्त्वावर चालतो. चामडं चढवलेला एक रोलर सतत फिरतो. कापसाचे तंतू चामड्याच्या खरबरीत पृष्ठभागाला चिकटून ओढले जातात. एक स्थिर पातं रोलरला टेकून असतं, त्याच्या फटीतून तंतू जातो, सरकी जात नाही. आणि दुसरं एक हलतं पातं अडकलेल्या सरकीला वरखाली टोले मारत राहतं, ती सुटेपर्यंत. चरखीचीच अक्कल, फक्त हाताऐवजी वाफ. जिनच्या रांगांपुढे बसून कापूस भरवायचं काम मात्र पुन्हा बायांकडेच आलं, फक्त आता मजुरीवर.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा सौदा सरळ होता. चरखी माळ्यावर टाकायची, गाडीत कापूस भरायचा, जिनात न्यायचा. घरातल्या बायांचे हात मोकळे. यंत्र राखायची कटकट नाही. व्यापाऱ्याला कच्चा कापूस विकला तर लोढाईचा विचारही करायला नको. पहिल्या काही हंगामांत यात तोटा कुणाला दिसला असेल असं मला वाटत नाही.

तोटा सरकीत लपलेला होता. जिनात दहा गावांचा कापूस एकत्र लोढला जायचा. परत मिळायची ती सरकी मिसळीची. लांब धाग्याची, आखूड धाग्याची, पांढऱ्या फुलाची, पिवळ्या फुलाची, जी हाताला येईल ती. शेतकरी तीच पेरायचा. व्यापारी भाव द्यायचा तो ‘उताऱ्या’वर, म्हणजे शंभर भाग कापसातून रुई किती निघते यावर. त्यामुळे आखूड पण भरपूर उताऱ्याचे वाण पसरत गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खान्देश-वऱ्हाडात ज्याला शेतकी खात्याचे लोक ‘रोझियम’ म्हणत ते वाण असंच फोफावलं. उतारा उत्तम, धागा आखूड. गिरणीवाले कुरकुरत, शेतकऱ्याला त्याचं काय? त्याला पैसे वजनाचे मिळत होते. लोढणं बाहेर दिलं आणि त्याच्याबरोबर बियाण्याची निवडही नकळत बाहेर गेली. ते कुणी ठरवून केलं नव्हतं.

दुसरी गोष्ट दराची. एका गावात चार जिन झाले की स्पर्धेनं लोढाई उतरायला हवी. खान्देशात आणि वऱ्हाडात जिनवाल्यांनी यावर उपाय काढला, ‘पूल’. सगळ्यांनी मिळून एकच दर ठरवायचा, लागतील तेवढेच जिन चालवायचे, बाकीच्यांना कुलूप, आणि हंगामाच्या शेवटी नफा ठरल्या वाट्यानं वाटून घ्यायचा. बंद जिनाचा मालकही वाटा घ्यायचा. न चालवलेल्या यंत्राचं भाडं शेवटी कापूस आणणाराच भरत होता, आणि त्याची चरखी तर केव्हाच माळ्यावर गेलेली.

आणि तिसरी गोष्ट, जी हिशेबाच्या वहीत येतच नाही. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभराहून कमी माणसांच्या आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागू नव्हता. कापसाचा जिन म्हणजे नेमका हंगामी कारखाना, त्यामुळे तो या फटीतून अलगद निसटला. १८८५ मध्ये मुंबई सरकारनं नेमलेल्या कमिशनपुढे खान्देशातल्या जिनांची माहिती आली. पहाटे चार-पाचला आलेल्या बाया रात्री उशिरापर्यंत यंत्रापुढे, आणि हंगाम जोरात असला की रात्रीही सुटका नाही. १८९१ च्या दुरुस्तीनं बायांसाठी दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. घरच्या चरखीवर बसलेली बाई दमली की उठत असे. एवढाच फरक, पण तो कमी नाही.

सरकारची झोप उडाली ती बायांच्या तासांनी नव्हे, कापसाच्या भेसळीनं. १९१७ ते १९१९ या काळात इंडियन कॉटन कमिटी देशभर फिरली. तिच्या शिफारशींतून १९२३ चा कापूस वाहतूक कायदा आला, मग १९२५ चा जिनिंग-प्रेसिंग कायदा. प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण हवी, नोंदवह्या हव्यात, नव्या जिनात कच्चा कापूस आत यायची वाट वेगळी आणि रुई बाहेर जायची वाट वेगळी हवी. ज्या घरात यंत्र, कापूस आणि माणूस एकच होते तिथे असल्या कायद्याची गरजच नव्हती.

याच काळात पीजे जन्माला आली. जामनेर-पहूरचा कापूस बैलगाड्यांवरून पाचोऱ्याला यायचा. पावसाळा संपता संपता वाटांवर जी चाकोरी पडते ती खान्देशात ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायला नको. एका दिवसाचं काम दोन दिवसांचं होतं. छोटी लाईन हवी होती, पण मोठ्या कंपनीला किंवा सरकारला अशा फुटकळ फाट्यात भांडवल घालायचं नव्हतं. सरकारनं यासाठी १८९० च्या दशकापासून ‘शाखा-मार्गांच्या अटी’ जाहीर केल्या होत्या आणि १९१० व १९१३ मध्ये त्या आणखी गोड केल्या होत्या. खासगी माणसांनी कंपनी काढावी, शेअर विकावे, लाईन बांधावी. चालवायची काळजी नको, ती शेजारची मोठी रेल्वे घेईल.

करार साधारण असा असे. समजा गाडीनं वर्षाला शंभर रुपये कमावले. त्यातला ठरलेला हिस्सा चालवणाऱ्या रेल्वेनं आधी काढून घ्यायचा, खर्च कितीही होवो. उरलेला मालक कंपनीला. तो पुरेसा लाभांश द्यायला कमी पडला तर सरकारकडून किमान व्याजाची हमी, नाहीतर मोठ्या लाईनच्या कमाईतून भरपाई. छोट्या लाईननं आणलेल्या मालावर मोठ्या लाईननं जे कमावलं त्यातला काही भाग परत. म्हणजे शाखा-कंपनीच्या शेअरहोल्डरला झोप शांत लागावी अशी सगळी सोय. त्याला वाफेचं इंजिन म्हणजे काय हे कळायची गरज नव्हती.

हे खान्देशात पीजेनं सुरू केलं असं नाही. सुरतेहून नंदुरबार-अमळनेरमार्गे जळगावला येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे १८९९-१९०० मध्ये अशीच उभी राहिली. कंपनी मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीच्या हाताखालची, गाड्या चालवायची बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. शेजारच्या वऱ्हाडात मूर्तिजापूर-यवतमाळ-अचलपूरची ‘शकुंतला’ही त्याच पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेज कंपनीची, आणि चालवणारी जीआयपी. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत तापीच्या खोऱ्यात तुम्ही मोठी लाईन सोडून फाट्यावर वळलात की बहुधा अशाच एखाद्या करारावर बसून प्रवास करत होतात.

उलटं उदाहरणही महाराष्ट्रातच होतं. बार्शी लाईट रेल्वे. गेज पीजेचंच, अडीच फूट. पण तिचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा स्वतः इंजिनिअर आणि जरा हट्टी माणूस. इंजिनांपासून वाघिणींपर्यंत सगळं त्यानं नव्यानं आखलं. एका आखावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम. इंग्लंडात लीड्सजवळ त्यानं आपले डबे आणि वाघिणी लोकांना दाखवल्या, आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी लाईन सुरू झाली. बार्शी कंपनी गाडी स्वतःच चालवायची, स्वतःच दुरुस्त करायची, आणि कुर्डुवाडीला तिनं स्वतःचं वर्कशॉप उभं केलं. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं ती घेतली, तेव्हा हातात फक्त रूळ आले नाहीत. अरुंद गेजची गाडी खोलून पुन्हा जोडणारी कारागिरांची फौजही आली.

पीजेकडे असलं काही नव्हतं, आणि अटींप्रमाणे असायचं कारणही नव्हतं. अडचण तिच्या गेजमध्येच होती. अडीच फुटांची गाडी साडेपाच फुटांच्या लाईनवर स्वतःच्या चाकांनी एक फूटही जाऊ शकत नाही. मोठी दुरुस्ती निघाली की इंजिन ब्रॉडगेजच्या वाघिणीवर चढवायचं, दोरखंडांनी आवळायचं आणि लांबच्या वर्कशॉपला पाठवायचं. यंत्राला यंत्रावर बसवून दवाखान्यात न्यायचं. मालाचंही तेच. जामनेरहून आलेली प्रत्येक गाठ पाचोऱ्याला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायची. इथे हमालांचा हात लागायचा, वेळ जायचा, पावसाळ्यात रुईला ओल लागायची. कागदावर एक लाईन दुसऱ्या लाईनला मिळाली होती. जमिनीवर त्यांच्यामध्ये हमालाचा खांदा होता.

१९२०-२१ मध्ये सर विल्यम अॅकवर्थ यांच्या अध्यक्षतेखाली रेल्वे समिती नेमली गेली. तिचं नाव आपल्याकडे घेतलं जातं ते वेगळ्या रेल्वे बजेटसाठी, आणि रेल्वे सरकारनंच चालवावी या मतासाठी. पण शाखा-कंपन्यांबद्दलही तिनं सुनावलं. लहानसहान कंपन्यांची ही गर्दी वाढवू नये, असलेली कमी करावी, लाईन हवी असेल तर सरकारनं स्वतः बांधावी. १९२५ च्या सुमारास सरकारनं त्या गोड अटी मोडीत काढल्या. कारण ओळखीचं आहे. चालवणाऱ्याला एकूण कमाईतला हिस्सा मिळत असेल तर गाडीवर खर्च कमी करण्यातच त्याचा फायदा. मालकाला हमी असेल तर गाडी चांगली चालते का हे बघायची त्याला गरज नाही. आणि दोघांच्या मध्ये उभा असलेला प्रवासी? त्याच्याशी करार कुणी केलाच नव्हता.

तिसऱ्या दशकात मोटार लॉरी आली आणि छप्पन्न किलोमीटरच्या गाडीचा धंदा तिनं कुरतडायला सुरुवात केली. लॉरी शेताच्या बांधाशी येते, गाठ उतरवून चढवायची नसते. १९३२-३३ मध्ये मिचेल-कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी देशभरच्या रेल्वे-मोटार चढाओढीचा अहवाल दिला. छोट्या अंतरावर मोटार जिंकतेय हे त्यातून स्पष्ट होतं. ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपीचं नाव पुसून मध्य रेल्वे झाली. वाफ गेली, डिझेल आलं. पीजे चालत राहिली, लोकांच्या सवयीवर आणि रेल्वेच्या सोशिकपणावर.

शकुंतलेचं काय झालं ते सांगायलाच हवं. १९५० च्या दशकात बाकी कंपन्या सरकारात विलीन होत असताना ती राहून गेली. रेल्वे स्वतंत्र भारताची, ड्रायव्हर सरकारी, पण रूळ कंपनीचे, म्हणून रेल्वे त्या कंपनीला पैसे देत राहिली. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं. वर्षानुवर्षं रुळांवर गवत वाढलं, वेग घटला, आणि प्रश्न तोच राहिला, डागडुजी कुणी करायची? मालकानं, की चालवणाऱ्यानं? दोघांकडेही न करण्याचं कारण होतं.

आता जरा पश्चिमेला. पाचोऱ्यापासून दोनेक तासांवर अमळनेर. प्रताप मिलचं, साने गुरुजींचं, तत्त्वज्ञान मंदिराचं गाव. २९ डिसेंबर १९४५ ला महंमद हाशम प्रेमजी यांनी तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. काम वनस्पती तूप आणि साबणाचं. १९६६ मध्ये ते वारले आणि स्टॅनफर्डला शिकणारा त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा अझीम परत येऊन गादीवर बसला. याच कंपनीच्या नावाची आद्याक्षरं जुळून ‘विप्रो’ झालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अमळनेरच्या कित्येक घरांत जुने शेअर ठेवून माणसं श्रीमंत झाली, हेही वर्तमानपत्रांनी अनेकदा छापलं आहे. मला त्या श्रीमंतीपेक्षा त्याआधीचा एक प्रसंग महत्त्वाचा वाटतो.

साठ-सत्तरच्या दशकांत भारतातल्या मोठ्या कंपन्या, बँका, सरकारी खाती यांनी कॉम्प्युटर आणले ते बहुतेक आयबीएमचे, आणि तेही भाड्यानं. आयबीएम यंत्र विकायची नाही, महिन्याच्या भाड्यावर द्यायची. बाहेर जुनी झालेली १४०१ मालिकेतली यंत्रं डागडुजी करून इथे लावली जायची. इंजिनिअर आयबीएमचा, सुटे भाग आयबीएमचे, वेळ आयबीएमची. १९७३ च्या विदेशी चलन नियमन कायद्यानं कंपनीतला परकी हिस्सा कमी करायला सांगितलं. आयबीएमनं नकार दिला आणि १९७८ मध्ये गाशा गुंडाळला. आता? यंत्रं जागेवर आहेत, पगारपत्रकं त्यांच्यात आहेत, पण आतलं काही बिघडलं तर हात लावणारा कोण? याच कामासाठी सरकारनं १९७५ मध्ये कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन काढून ठेवली होती. तिच्या इंजिनिअरांनी आयबीएमची शेकडो ठिकाणं ताब्यात घेतली. कंपनीच्या नावातच ‘मेंटेनन्स’ हा शब्द होता, याचं मला कौतुक वाटतं. सरकारी नामकरणात इतका नेमकेपणा क्वचित सापडतो.

आयबीएमनं मोकळी केलेली जागा भरायला जे उतरले त्यांत वनस्पती तुपाची ही कंपनीही होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला विप्रोनं मिनी-कॉम्प्युटर बनवायला घेतले. नव्वदनंतर बाजार उघडला, परदेशी यंत्रं स्वस्त झाली, आणि विप्रो जगभरातल्या कंपन्यांचे कॉम्प्युटर चालवून द्यायचं काम करू लागली. अमेरिकेतल्या एखाद्या बँकेनं आपली यंत्रं, त्यांची राखण, रात्रीचा पहारा, सगळं ठरावीक पैशांवर बाहेर द्यावं आणि ते काम अमळनेरच्या साबणाच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या कंपनीनं करावं. पाऊणशे वर्षांपूर्वी पाचोऱ्याला जीआयपी जे करत होती तेच. फक्त या वेळी चालवणारे आपण होतो.

बियाण्याचं चाकही याच काळात पूर्ण फिरलं. मिसळीच्या सरकीपासून शेतकी खात्याच्या वाणांपर्यंत, तिथून संकरित बियाण्यापर्यंत. निर्मल सीड्स ही बियाणं कंपनी तर पाचोऱ्यातच उभी राहिली. २००२ मध्ये बीटी कापूस आला. पाकिटावर नाव देशी कंपनीचं, पण बोंडअळी मारणारा जनुक परवान्यावर घेतलेला, आणि त्याचं भाडं पाकिटाच्या किमतीत धरलेलं. ‘ट्रेट व्हॅल्यू’ म्हणतात त्याला. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं बोलगार्ड-दोन या बीटी बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरवली, त्यात जनुकाच्या मालकाचे ४९. माळ्यावर चरखी टाकणाऱ्या कुणब्याच्या पणतूला आता हे ठाऊक असतं की यंदाची सरकी पेरून उपयोग नाही.

गाडीकडे परत. पीजे बंद करू नका म्हणून आसपासच्या गावांनी आवाज उठवला, पण तिच्या जागी ब्रॉडगेज यायचं ठरलं आहे, जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत. ती झाली की बोदवडला मोठी लाईन पुन्हा मिळेल, आणि कुणाला गाठ एका डब्यातून दुसऱ्यात चढवावी लागणार नाही.

मागच्या हंगामात पाचोरा तालुक्यातल्या एका जिनात संध्याकाळी गेलो होतो. दारात कापसाचे ट्रॅक्टर आणि टेम्पो ओळीनं उभे. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर भाड्याचं, दरवर्षी पैसे भरायचे. पावत्या आणि जीएसटीचा हिशेब जळगावच्या एका ऑफिसातून. हा जीएसटी तरी कुठे सरकारनं स्वतः चालवला? त्याच्या पोर्टलचं काम २०१५ मध्ये इन्फोसिसला १,३८० कोटींवर दिलेलं. काट्यावरचा पोरगा मध्येच मोबाईलवर कुणाला तरी सांगत होता, ‘साहेब, लॉगिनच होत नाहीये, इथं गाड्या उभ्या आहेत.’ पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. त्यानं पाठीमागची रेघांची वही ओढली आणि पेन्सिलीनं वजनं लिहायला लागला.

आत, जिनच्या शेडमध्ये, एक मशीन बंद करून ठेवलेलं. फिटरनं रोलर बाहेर काढून ठेवला होता. चामड्याच्या चकत्यांनी बनलेला लांब, निळसर करडा दंडगोल. दिवसभर घासून त्याच्या खाचा बुजल्या होत्या, तंतू धरेनासा झाला होता. फिटर त्यावर नव्यानं तिरप्या खाचा पाडत होता, एकेक, बोटानं खोली चाचपत. अंगावर चामड्याचा भुगा. मी विचारलं, हे बाहेर नाही देत? कंपनीचा माणूस येत असेल ना?

‘येतो ना,’ तो म्हणाला, ‘फोन केला तर चार दिवसांनी येतो. कापूस चार दिवस थांबेल का, भाऊ?’ आणि त्यानं पुढची खाच धरली.